हा नकाशा कधीचा?

माझा विमानातला फोटो पाहिला की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. विमान केवढं, भीती वाटते का, वर थंडी असते का, हे सगळं नंतर. आधी हे, की "मांडीवर तो टॅबलेट कशाला बांधलाय?" एका मावसभावाने तर सरळ विचारलं, "वर जाऊन सिनेमा बघतेस की काय?" :-)

म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच टाकावं. शिवाय जुलैतल्या त्या बारशाचा विषय माहेरच्या मंडळींत अजून अधूनमधून निघतो (माझ्या कानावर येतं बरं का सगळं). त्याचाही खुलासा ह्यातच होऊन जाईल.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी न्यू जर्सीत राहते, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते आणि काही वर्षांपूर्वी हौसेने छोटं विमान चालवायचा परवाना काढला. विमान माझं नाही, आम्हा दहा-बारा जणांत मिळून एक आहे. सेसना १७२. चार खुर्च्या, एक इंजिन, पंख डोक्यावर. हे मॉडेल १९५५ साली पहिल्यांदा उडालं आणि आजवर अशी ४४ हजारांच्या वर विमानं बनली. रस्त्यावर मारुती ८०० जशी असायची ना, तसं हे आकाशात. आमचं विमान माझ्याहून वयाने मोठं आहे. समोर काटेवाली गोल घड्याळं, वर एक छोटं होकायंत्र आणि बाजूच्या खिडकीला रबरी चूषकाने चिकटवलेली काड्यापेटीएवढी डबी. ती डबी काय करते ते पुढे येईलच.

आता टॅबलेट. तो काय करतो हे सांगण्याआधी त्याने काय घालवलं ते सांगायला हवं. पूर्वी छोट्या विमानाचा वैमानिक म्हणजे खांद्याला भलीमोठी पिशवी. तिच्यात घडीचे नकाशे, १:५,००,००० प्रमाणाचे, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर ते जमिनीवरचे पाच किलोमीटर. शिवाय विमानतळांच्या माहितीचं पुस्तक, उतरण्याच्या मार्गांचे कागद, पेन्सिल, पट्टी, कोनमापक आणि वारा नि वेग ह्यांचा हिशोब करायची ई-सिक्स-बी नावाची गोल चकती. कॉकपिट इतकं अरुंद की नकाशा उलगडला की तो शेजारच्याच्या नाकावर. वर वाऱ्याचा झोत आला की मग काही विचारू नका.

२००७ साली अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, एक परिपत्रक काढलं, की खाजगी उड्डाणात कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक साधनं वापरायला हरकत नाही, योग्य-अयोग्य वैमानिकाने ठरवावं. २०१०च्या एप्रिलमध्ये आयपॅड आला. पुढच्या काही वर्षांत ती पिशवी बहुतेकांच्या खांद्यावरून उतरली. फोरफ्लाइट, गार्मिन पायलट अशा ॲपमध्ये अख्ख्या देशाचे नकाशे, हवामान, धावपट्ट्या, इंधनाचे भाव, सगळं मावलं. विमानाचं वजन आणि तोलसुद्धा तेच काढतं. मला ही गंमत अजून वाटते. उडण्याआधी प्रत्येक माणसाचं, पेट्रोलचं, सामानाचं वजन भरायचं, मग पडद्यावर एक ठिपका चौकटीत बसला की विमान तोलात आहे. त्या शनिवारी मी त्यात चौथी नोंद केली होती, "बाळंतविडा, ९ पौंड".

आणि मुख्य म्हणजे नकाशावर एक छोटंसं विमान दिसतं. ते आपण. आपण सरकलो की ते सरकतं. शिकताना माझ्या प्रशिक्षकाला ह्याच छोट्या विमानाचा राग होता. ऐन वेळी तो हात पुढे करून टॅबलेट पालथा घालायचा आणि शांतपणे विचारायचा, "हा बंद पडला. आता आपण कुठे?" मग मी खाली बघून शोधायची. ती डेलावेअर नदी, तो हायवे, ते लिमरिकच्या अणुवीज केंद्राचे दोन शीतक मनोरे... म्हणजे आपण पॉट्सटाउनच्या जवळ. सापडलं की तो टॅबलेट परत द्यायचा, लहान मुलाला खेळणं देतात तसा.

तेव्हा वाटायचं, हा जुन्या वळणाचा माणूस उगीच छळतो. पण टॅबलेट खरंच बंद पडतो. आयपॅडसाठी कंपनीनेच सांगितलेलं तापमान आहे शून्य ते ३५ अंश सेल्सिअस. उन्हात उभ्या विमानाच्या काचेखाली ३५ कधीच ओलांडलेलं असतं. तापला की पडदा काळा करून तो गप्प बसतो. विमानाला मात्र त्याचं काहीच नसतं. सेसनाच्या इंजिनाची ठिणगी स्वतःच्या मॅग्नेटोवर चालते, तिला बॅटरीही लागत नाही. होकायंत्राला तर कुणीच लागत नाही. विमान छान उडत राहतं, फक्त आत बसलेल्याला आपण कुठे आहोत ते माहीत हवं.

पण मला आज सांगायचंय ते टॅबलेट बंद पडण्याबद्दल नाही. बंद पडलेला टॅबलेट निदान प्रामाणिक असतो, काळा पडदा म्हणजे काळा पडदा. खरी पंचाईत तो व्यवस्थित चालू असतो तेव्हाची आहे.

तर तो शनिवार. पिट्सबर्गला माझ्या धाकट्या भावाच्या लेकीचं बारसं. पाळण्याचा मुहूर्त चारचा. मी सख्खी आणि एकुलती एक आत्या. म्हणजे बाळाच्या कानात नाव सांगायचं, "कुर्रर्र" करायचं आणि पाठीत धपाटे खायचे, हे सगळं माझं काम. आई महिन्यापासून तिकडेच होती, बाळंतिणीपाशी. बाबा पुण्याहून आधी माझ्याकडे उतरले होते. त्यांना बरोबर घेऊन जायचं होतं.

"मग सकाळी गाडीने का नाही निघालात?" हा प्रश्न मला निदान सात जणांनी विचारलाय. कारण त्या सकाळी ऑफिसातलं एक काम होतं, महिनाभर आधी ठरलेलं, माझ्याशिवाय होण्यासारखं नव्हतं. बारा वाजता मोकळी झाले. गाडीने साडेपाच तास म्हणजे संध्याकाळ. विमानाने समोरचा वारा धरून सव्वादोन-अडीच तास. चारच्या आत पोचायचं तर एवढाच रस्ता होता. हवामान बघितलं तर पश्चिम पेनसिल्व्हेनियात दुपारनंतर तुरळक गडगडाट. ठरवलं, हॅरिसबर्गपर्यंत जायचं आणि तिथे पुढचं ठरवायचं. घरातून निघतानाच नवऱ्याला आणि बाबांना सांगून ठेवलं होतं, की हॅरिसबर्गला उतरावं लागलं तर उतरायचं, कुरकुर करायची नाही.

साडेबारा-पाऊणला प्रिन्स्टनहून निघालो. ४,५०० फूट उंची. नवरा उजवीकडे, बाबा मागे, कानावर हेडफोन, मांडीवर बाळंतविड्याची पिशवी (डिकीत ठेवू दिली नाही).

बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा आयुष्यभर भूमी अभिलेख खात्यात होते, मोजणीचं काम. साखळी, प्लेन टेबल, हद्दीच्या खुणा, दोन भावांमधले बांध. उन्हातान्हात माळरानावर उभं राहून त्यांनी शेतं मोजली आणि कागदावर उतरवली. कुठलाही नकाशा दिसला की ते जवळ घेतात आणि आधी खालचा कोपरा बघतात. घरातल्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशापासून मॉलमधल्या "तुम्ही इथे आहात" पर्यंत.

विमानातही तेच. नवऱ्याने त्यांना टॅबलेट मागे दिला तेव्हा ते खूश झाले. "हे आपण? वा!" मग नदी सापडली, रेल्वे सापडली. खाली बोट दाखवून पडद्याशी ताडून बघणं सुरू झालं. रेडिंग गेलं. डावीकडे लांबवर सस्केहाना नदी आणि तिच्यातलं थ्री माइल आयलंड दिसायला लागलं, १९७९ च्या अणुभट्टीच्या अपघाताने जगाला ठाऊक झालेलं ते बेट, वर चार मोठे मनोरे. बाबांना ते नाव आठवत होतं. "अरे, हे ते होय?"

आता त्या काड्यापेटीएवढ्या डबीचं काम. अमेरिकेत एडीएस-बी नावाची व्यवस्था आहे. १ जानेवारी २०२० पासून बहुतेक गजबजलेल्या हवाई क्षेत्रात विमानाने आपला ठावठिकाणा सतत प्रसारित करणं सक्तीचं झालं. जमिनीवरचे मनोरे ह्याच व्यवस्थेतून हवामानाची माहितीही वर पाठवतात, फुकट. डबी ती पकडते आणि टॅबलेटला देते. पाऊस पडद्यावर रंगात दिसतो. हिरवा म्हणजे हलका, पिवळा म्हणजे जोराचा, लाल म्हणजे तिकडे फिरकू नका.

हॅरिसबर्गच्या पलीकडे अ‍ॅपलेशियन डोंगरांच्या रांगा सुरू होतात. वरून अगदी साडीच्या निऱ्यांसारख्या दिसतात, एकीमागे एक, सगळ्या तिरक्या. त्या निऱ्यांवर पडद्यात लाल-पिवळे पट्टे दिसत होते. सकाळी तुरळक म्हणून सांगितलेल्या गडगडाटाची दुपारपर्यंत रांग झाली होती. पण रांगेत एक फट होती. चांगली पंधरा-वीस मैलांची, टस्करोरा डोंगराच्या वर, आमच्या वाटेवरच. पलीकडे स्वच्छ. पिट्सबर्गला तर ढगसुद्धा नाही. पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं, चित्र चार मिनिटांपूर्वीचं.

नवरा म्हणाला, "जागा तर दिसतेय."

मी समोर काचेतून पाहिलं. फट जिथे असायला हवी होती तिथे निळसर काळी भिंत होती. खालचा काठ सपाट आणि त्याखाली पावसाचा पडदा, पलीकडचं काही दिसत नाही असा. फट कदाचित असेलही त्याच्या मागे. मला दिसत नव्हती.

मागून बाबांचा आवाज आला. "हा नकाशा कधीचा?"

"चार मिनिटांपूर्वीचा, बाबा. कोपऱ्यात लिहिलंय बघा."

क्षणभर शांतता. मग म्हणाले, "ते कळलं गं. पण ही तारीख मोजणीची की छपाईची?"

मंडळी, मी ह्या विषयावर परीक्षा दिलीय, पुस्तकं वाचलीत. पण हा मुद्दा इतक्या कमी शब्दांत मला कुणी सांगितला नव्हता.

कारण ते अगदी तसंच आहे. रडारची तबकडी गोल फिरते, मग थोडी वर कलते, पुन्हा फिरते. असं करत आकाशाचा एक पूर्ण फेरा घ्यायला तिला काही मिनिटं लागतात. मग देशभरच्या अशा अनेक रडारांची चित्रं एकत्र शिवून गोधडी तयार करायची, मग ती पाठवायची, मग ती डबीने पकडायची. पडद्याच्या कोपऱ्यातली "चार मिनिटं" मोजली जातात ती गोधडी शिवून झाल्यापासून. तिच्यातली ठिगळं त्याहून जुनी असतात. अमेरिकेतल्या अपघात तपास मंडळाने, एनटीएसबीने, जून २०१२ मध्ये ह्यावर एक इशाराच काढला. पडद्यावर लिहिलेल्या वयापेक्षा चित्रातलं हवामान अगदी वाईट वेळी १५ ते २० मिनिटं अधिक जुनं असू शकतं. त्या इशाऱ्यामागे माणसं गेली होती. मार्च २०१० मध्ये टेनेसीत रुग्णसेवेचं एक हेलिकॉप्टर वादळात सापडून तिघं गेली. त्यांच्या पडद्यावरच्या चित्राचं वय एक मिनिट लिहिलेलं होतं, खरं वय होतं पाचच्या आसपास. पडद्यावर वादळ तळापासून काही मैल दूर होतं, प्रत्यक्षात ते तळावर येऊन ठेपलं होतं. डिसेंबर २०११ मध्ये टेक्सासमध्ये एका छोट्या विमानाचं असंच झालं.

हिशोब सोपा आहे. वादळ ताशी ३० नॉटिकल मैलांनी सरकत असेल तर पंधरा मिनिटांत साडेसात मैल. पंधरा मैलांच्या फटीचा अर्धा भाग तेवढ्यात संपला. शिवाय वादळं नुसती सरकत नाहीत, मधल्या जागेत नवीन उगवतातही. तीव्र गडगडाटी वादळापासून निदान २० मैल लांब राहा असं एफएएची पुस्तिका सांगते. म्हणजे पंधरा-वीस मैलांच्या फटीत शिरायचा प्रश्नच नाही, ती खरी असली तरी. म्हणूनच आम्हाला शिकवतात, की हे चित्र मुक्काम ठरवायला वापरा, वाट काढायला नको.

मी बाबांना म्हटलं, "छपाईची."

"मग उतरू या," बाबा म्हणाले.

नवरा काही बोलला नाही. त्याने घड्याळाकडे बघितलं, ते मला दिसलं. मी हॅरिसबर्गच्या कंट्रोलरला सांगितलं, आणि वीस मिनिटांत नदीकाठच्या कॅपिटल सिटी विमानतळावर आम्ही जमिनीवर होतो. दोन वाजत होते. वर अगदी निळं आकाश. विमान दोरांनी बांधताना घाम निथळत होता आणि मी पश्चिमेकडे बघत होते, ती भिंत नीट दिसतेय ना ह्याची खात्री करत.

आता ह्यापुढचा भाग मी कुणाला फारसा सांगितला नाही. भाड्याची गाडी मिळायला तासभर गेला. तेवढ्यात आणखी एक छोटं विमान उतरलं, पश्चिमेकडून आलेलं. त्याचा वैमानिक कॉफी घ्यायला आत आला. मी विचारलं, कसं होतं? म्हणाला, उत्तरेकडून वळसा घातला, थोडं हललं, बाकी ठीक. आणि कप घेऊन निघून गेला.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. :-)

पुढे टर्नपाइकवर वायपर पुरे पडत नव्हते. त्या रस्त्याला डोंगर ओलांडायला बोगदे आहेत. ब्लू माउंटन आणि किटाटिनी हे दोन जवळजवळ लागून, मग थोड्या अंतरावर टस्करोरा. चार वाजले तेव्हा आम्ही ह्या तिसऱ्याच्या अलीकडे होतो. तोच टॅबलेट आता बाबांच्या हातात, व्हिडिओ कॉल लावलेला. पाळणा दिसत होता, झेंडूची माळ दिसत होती, आईचा अर्धा चेहरा दिसत होता. आत्याच्या जागी भावाची एक मैत्रीण उभी राहिली होती. ती बाळाच्या कानाशी वाकली, आणि आम्ही बोगद्यात शिरलो. चित्र गोठलं. बाहेर आलो तेव्हा टाळ्या चालू होत्या. नाव आम्हाला दोन मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. सव्वासहाला पोचलो तेव्हा पिट्सबर्गला लख्ख ऊन होतं. दारातच एका काकूंनी म्हटलं, "अगं, इथे तर दिवसभर कडक ऊन आहे, कसलं वादळ?"

काकू, त्यांचं बरोबर होतं. तेव्हा तिथे होत्या त्या, आणि आकाश त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. माझ्या डोळ्यांसमोर दुसरं होतं.

मी त्यानंतर बराच विचार केला. तो दुसरा वैमानिक आला, म्हणजे मीही गेले असते का? कदाचित. पण तो वळसा घालून आला होता, मी बघत होते त्या फटीतून नाही. आणि मला हे कधीच कळणार नाही. उतरण्याच्या निर्णयाची हीच गोम आहे. पुढे गेलेल्याला निदान कळतं, बरं झालं की वाईट. थांबलेल्याला पुरावा मिळत नाही. हातात राहतं ते चुकलेलं बारसं. म्हणून थांबायचं कारण नंतरच्या पुराव्यावर टाकता येत नाही, ते त्या क्षणी जे माहीत आहे त्यावरच घ्यावं लागतं. आणि त्या क्षणी मला एवढंच माहीत होतं, की पडद्यावरची फट जुनी आहे आणि काचेतली भिंत आत्ताची आहे.

टॅबलेटचा खरा धोका मला हा वाटतो. तो खोटं बोलत नाही. पण त्याच्यावर सगळं एकाच पडद्यावर, एकाच रंगसंगतीत, सारखंच ताजं दिसतं. प्रत्यक्षात प्रत्येक गोष्टीचं वय वेगळं असतं. आपलं छोटं विमान सेकंदाच्या आतलं. विमानतळाचं हवामान साधारणपणे तासाला एकदा, बहुतेक ठिकाणी तासाला सात मिनिटं कमी असताना घेतलेलं. रडारचं चित्र काही मिनिटांपूर्वीचं, किती ते वर सांगितलंच. खालचा नकाशा ५६ दिवसांच्या फेऱ्यातला (२०२१ च्या आधी हे नकाशे वर्षातून दोनदाच निघायचे). आजूबाजूची विमानंही सगळी दिसतात असं नाही. ग्लायडर, फुगे आणि विजेची व्यवस्थाच नसलेली जुनी विमानं ह्यांना एडीएस-बीच्या सक्तीतून सूट आहे. पडद्यावर तिथे मोकळं आकाश दिसतं.

वैमानिकांच्या जगात ह्या आजाराला एक नाव आहे. १९९७ साली अमेरिकन एअरलाइन्सच्या डॅलसमधल्या प्रशिक्षण केंद्रात कॅप्टन वॅन्डरबर्ग ह्यांनी एक व्याख्यान दिलं, "जांभळ्या रेषेची लेकरं" अशा अर्थाचं. संगणकाने आखलेला मार्ग पडद्यावर त्या रंगात दिसतो, आणि रेषेमागे जाता जाता माणूस विमान चालवायचं विसरतो, असा त्याचा रोख. तेव्हा ती रेषा मोठ्या विमानांत होती. आता ती माझ्या मांडीवर आहे.

म्हणून काही मी कागदाच्या दिवसांसाठी उसासे टाकणार नाही. टॅबलेटने जीव वाचवलेत, ह्यात मला शंका नाही. अनोळखी मोठ्या विमानतळावर रात्री वाट शोधताना जमिनीच्या नकाशावर आपलं विमान दिसतं, चुकून भलत्या धावपट्टीवर घुसण्याची शक्यता कमी होते. इंजिन बंद पडलं तर कुठवर तरंगत जाता येईल त्याचं वर्तुळ तो वाऱ्याचा हिशोब धरून दाखवतो (सेसनाला हजार फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल). ही आकडेमोड घाबरलेल्या डोक्याने चकतीवर करायची म्हणजे कठीणच.

आणि कागदही जुनाच असायचा की. १९३० च्या दशकात टपालाची विमानं चालवणाऱ्या एल्रे जेपसन ह्यांनी दहा सेंटांची काळी वही घेतली आणि तिच्यात टेकड्यांची, पाण्याच्या टाक्यांची उंची टिपायला सुरुवात केली. १९३४ मध्ये ते त्या टिपणांची पुस्तिका विकू लागले, आणि तिच्यातूनच पुढे वैमानिकांच्या नकाशांची सगळ्यात नावाजलेली कंपनी झाली. त्या वहीतली मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. तिच्यात वाटेवरच्या शेतकऱ्यांचे फोन नंबर होते. निघायच्या आधी फोन करायचा आणि विचारायचं, तुमच्याकडे आत्ता आकाश कसं आहे? म्हणजे नकाशाचा बाप माणूसही नकाशावर थांबला नव्हता. "आत्ता" साठी त्याला तिथे उभा असलेला माणूस लागत होता.

बाबा ऑगस्टमध्ये पुण्याला परत गेले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या टॅबलेटच्या कडेला कागदाची एक बारीक पट्टी चिकटवली. त्यांच्या त्या सरकारी टपोऱ्या अक्षरात दोनच शब्द, "मोजणी? छपाई?" क्लबातली मंडळी विचारतात ही कुठली लिपी, काय मंत्र आहे का. मी हो म्हणते.

तेव्हा काकू, मावशी आणि समस्त मंडळी, भाचीचा पहिला वाढदिवस येतोय. आम्ही येणार आहोत, विमानानेच. हवा बरी असली तर केक कापायच्या आधी, नसली तर रात्रीपर्यंत गाडीने. माझं ताट झाकून ठेवा, वाट बघत उपाशी राहू नका. आणि मी फोन करून "तुमच्याकडे आत्ता आकाश कसं आहे" असं विचारलं तर कृपा करून मोबाइलमध्ये बघून सांगू नका. उठून खिडकीपाशी जा आणि बाहेर बघून सांगा.